स्टॉकहोमचे दर्शन आणि हिंगोलीचा पाहुणचार

दिनांक १० डिसेंबर २०१७ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील संगीत सभागृहात रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न या तीन शास्त्रज्ञांना स्वीडनच्या राजांच्या हस्ते भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले. 'लायगो' या वेधशाळेच्या द्वारे गुरुत्वीय लहरींचा प्रत्यक्ष वेध घेण्याच्या कार्याचा तो गौरव होता. त्याच मालिकेतील भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक दुधाळा परिसरात उभी राहावयाची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. ज्या गावाचे नाव आजवर नागनाथाच्या दर्शनासाठी घेतले जात होते, ते गाव आता जगाच्या विज्ञाननकाशावर येऊ घातले आहे.

अशा वेळी स्टॉकहोमकडे पर्यटकाच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. जगातील शास्त्रज्ञ, साहित्यिक, विद्यार्थी आणि सामान्य प्रवासी यांचे स्वागत हे शहर दीर्घकाळ करीत आले आहे. तेथे काय पाहावे, कसे पाहावे आणि त्यातून आपल्या जिल्ह्याने काय घ्यावे, असा तिहेरी विचार या लेखात केला आहे. प्रत्येक स्थळाचे वर्णन करताना हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

शहराची ओळख

स्टॉकहोम हे पाण्यावरचे शहर आहे. पश्चिमेकडील मेलारेन हे विस्तीर्ण सरोवर आणि पूर्वेकडील बाल्टिक समुद्र जेथे एकत्र येतात, तेथे चौदा बेटांवर हे शहर वसले आहे. ही बेटे पुलांनी एकमेकांना जोडलेली आहेत. शहराबाहेर समुद्रात लहानमोठ्या हजारो बेटांची रांग पसरली असून उन्हाळ्यात नागरिक तेथे बोटीने जातात. शहराचा लेखी उल्लेख इ. स. १२५२ पासून आढळतो. म्हणजे नर्सी येथे संत नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा मानते ते १२७० हे वर्ष आणि स्टॉकहोमचा आरंभकाळ यांत फारसे अंतर नाही.

आकाराच्या दृष्टीनेही तुलना उद्बोधक आहे. स्टॉकहोम नगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे दहा लाख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांवर होती. लोकसंख्येपुरते बोलावयाचे तर ज्या राजधानीची कीर्ती जगभर आहे, ती आपल्या या छोट्या जिल्ह्याहून मोठी नाही. दोहोंच्या उत्पन्नात आणि साधनसामग्रीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते ध्यानी ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

प्रवासाची पूर्वतयारी

भारतीय पर्यटकास स्वीडनमध्ये जाण्यासाठी शेंगेन प्रवेशपत्र, म्हणजेच व्हिसा, घ्यावा लागतो. या एकाच व्हिसावर युरोपातील इतर अनेक देशांतही जाता येते. कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांहून अधिक मुक्काम मात्र करता येत नाही. किमान ३० हजार युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. शासकीय सेवकांनी खासगी विदेश प्रवासापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावयाची असते, हे वेगळे सांगणे नको.

स्वीडन युरोपीय संघाचा सदस्य असला तरी तेथे युरो चालत नाही. २००३ मध्ये झालेल्या सार्वमतात जनतेने युरो नाकारला, त्यामुळे क्रोना हेच चलन कायम राहिले. रोख पैशांचा वापर तेथे फारच कमी झाला असून अनेक दुकाने व उपाहारगृहे नोटा स्वीकारतच नाहीत. परदेशात चालणारे बँक कार्ड जवळ नसेल तर खिशात पैसे असूनही प्रवाशाची अडचण होते.

हवामानाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. शहर सुमारे ५९ उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये तो सहा तासांवर येतो. डिसेंबरात दुपारचे तीन वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. मे ते सप्टेंबर हा काळ पर्यटनास उत्तम. जूनच्या उत्तरार्धात 'मध्यग्रीष्म' हा तेथील सर्वांत आवडता सण येतो. त्या वेळी बहुसंख्य नागरिक गावाकडे जातात आणि अनेक दुकाने बंद राहतात, हे लक्षात घेऊन बेत आखावा. घड्याळ भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते.

अर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असून तेथून रेल्वे व बस यांची सोय आहे. शहरात भुयारी रेल्वे, बस, ट्राम आणि ठराविक बोटी यांसाठी एकच तिकीट चालते. शाकाहारी प्रवाशाचीही उपासमार होत नाही. कामाच्या दिवशी दुपारी उपाहारगृहांत ठरलेल्या दराचे 'आजचे जेवण' मिळते आणि ते रात्रीच्या जेवणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. नळाचे पाणी निःशंकपणे प्यावे. बाटलीबंद पाणी विकत घेण्याची आवश्यकता नाही.

नगरभवन : मेजवानीचे आणि कारभाराचेही

मेलारेनच्या काठी लाल विटांचे भव्य नगरभवन उभे आहे. राग्नार ऊस्टबर्ग या वास्तुविशारदाने आखलेली ही वास्तू १९२३ मध्ये पूर्ण झाली. तिचा मनोरा १०६ मीटर उंच आहे. दरवर्षी १० डिसेंबरच्या रात्री नोबेल पारितोषिकाची मेजवानी येथील 'निळ्या दालना'त होते. गंमत अशी की हे दालन निळे नाही. भिंतींना निळा रंग देण्याचा मूळ बेत होता; परंतु लाल विटांचे सौंदर्य पाहून वास्तुविशारदाने तो बेत सोडला. नाव मात्र तेच राहिले. वरच्या मजल्यावरील 'सुवर्ण दालना'च्या भिंती लक्षावधी सोनेरी तुकड्यांच्या कुट्टिमचित्रांनी मढविलेल्या आहेत.

पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. ही वास्तू केवळ समारंभासाठी नाही. ते स्टॉकहोम नगरपालिकेचे कार्यालय आहे. ज्या इमारतीत जगातील श्रेष्ठ विद्वानांचा सत्कार होतो, तिच्यातच १०१ नगरसदस्यांची सभा भरते आणि शाळा, रस्ते, पाणी यांचे ठराव होतात. सभागृहात नागरिकांसाठी सज्जा आहे आणि सभा पाहण्यास कोणालाही मज्जाव नाही. इमारतीचा अंतर्भाग पर्यटकांना मार्गदर्शकाबरोबर ठराविक वेळी दाखविला जातो.

जवळच एका बेटावर स्वीडनची संसद आहे. १७६६ मध्ये याच देशाने शासकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क नागरिकांना देणारा कायदा केला. तो जगातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारा 'ओम्बुड्समन' हा अधिकारी १८०९ च्या स्वीडिश राज्यघटनेने निर्माण केला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा अधिनियम केला आणि २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा केला. त्यापाठोपाठ २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. या संस्थांचे मूळ शोधीत गेल्यास वाट स्टॉकहोमपर्यंत पोहोचते. ग्रामसभेचे इतिवृत्त गावातील कोणालाही पाहता यावे, या आपल्या नियमामागील तत्त्व तेथे अडीचशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

जुने नगर आणि नोबेल संग्रहालय

'गामला स्तान' म्हणजे जुने नगर. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, गेरू व पिवळ्या रंगाची घरे, राजवाडा आणि प्राचीन मुख्य चर्च यांनी हे बेट गजबजलेले असते. एक गल्ली तर तिच्या सर्वांत अरुंद भागी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आहे. नव्या शहराच्या गरजेसाठी हा भाग पाडून टाकावा, असे विचार एकेकाळी पुढे आले होते. परंतु तो राखला गेला आणि आज शहरात येणारा प्रत्येक प्रवासी प्रथम येथेच येतो.

येथील मुख्य चौकात शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीत २००१ पासून नोबेल संग्रहालय आहे. आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म १८३३ मध्ये स्टॉकहोममध्येच झाला. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे १९०१ पासून ही पारितोषिके दिली जातात. शांततेचे पारितोषिक तेवढे नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लो येथे दिले जाते. भारतीय पर्यटकाला हे संग्रहालय परके वाटत नाही. १९१३ चे साहित्याचे पारितोषिक मिळालेले रवींद्रनाथ ठाकूर १९२१ मध्ये या शहरात येऊन व्याख्यान देऊन गेले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३० मध्ये येथे पारितोषिक स्वीकारले. २०१९ चे मानकरी अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री निर्मला बॅनर्जी या मूळच्या महाराष्ट्रीय. तो सन्मान स्वीकारताना त्यांनी धोतर परिधान केले होते.

पारितोषिकाचे मानकरी या संग्रहालयास एखादी वस्तू भेट देतात. अमर्त्य सेन यांनी दिलेली सायकल येथे ठेवली आहे. संशोधनासाठी बंगालच्या खेड्यांतून हिंडताना त्यांनी सायकल वापरली होती. उपाहारगृहातील खुर्च्यांच्या तळाशी मानकऱ्यांनी सह्या करावयाच्या, अशीही प्रथा आहे. शाळकरी मुले खुर्च्या उलट्या करून सह्या शोधतात. मोठी माणसे आणि मोठे शोध मुलांच्या हाती लागतील असे मांडता येतात, हा यातील पाठ शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

वासा : अपयशाचे जतन

युर्गोर्डन या बेटावरील वासा संग्रहालय हे स्टॉकहोमचे सर्वांत मोठे आकर्षण होय. वासा ही राजा गुस्ताव अडोल्फच्या आज्ञेने बांधलेली युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती पहिल्याच प्रवासाला निघाली आणि सुमारे १,३०० मीटर अंतर जाताच, किनाऱ्यावर जमलेल्या लोकांदेखत बुडाली. सुमारे तीस माणसे मृत्युमुखी पडली. नौकेवर तोफांचे दोन मजले होते आणि वरचा भार प्रमाणाबाहेर होता. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत शिरले.

या घटनेचा पूर्वभाग कोणत्याही शासकीय अधिकाऱ्याने मनन करण्यासारखा आहे. नौका निघण्यापूर्वी तिच्या स्थैर्याची चाचणी घेतली गेली होती. तीस माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावयास लावले. तीन फेऱ्यांतच नौका इतकी डोलू लागली की चाचणी थांबविण्यात आली. दोष दिसला होता; परंतु राजाला घाई होती आणि त्याला थांबा असे सांगण्याचे धैर्य कोणापाशी नव्हते. पुढे चौकशी झाली. नौका बांधणारा मुख्य कारागीर आधीच्या वर्षीच वारला होता. अखेर कोणावरही दोष ठेवला गेला नाही.

१९५६ मध्ये आंदर्स फ्रान्सेन या संशोधकाने तिचा शोध लावला आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ती पाण्याबाहेर काढण्यात आली. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा कृमी जगत नसल्याने तिचे बहुतेक मूळ लाकूड शाबूत राहिले होते. ते वाळून तडकू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर रासायनिक द्रावणाचा फवारा मारण्यात आला. सध्याचे संग्रहालय १९९० मध्ये उघडले. एका राष्ट्राने आपली फजिती झाकून न ठेवता ती नीट समजावून सांगितली आणि तीच त्याची मोठी ठेव ठरली.

स्कान्सेन : उचलून आणलेले खेडे

त्याच बेटावर १८९१ मध्ये आर्थर हासेलियस या शिक्षकवृत्तीच्या अभ्यासकाने स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय स्थापन केले. कारखानदारीच्या लाटेत खेड्यातील राहणी नाहीशी होत आहे, हे त्याने ओळखले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेतकऱ्यांची घरे, धान्याची कोठारे, पवनचक्क्या, शाळा व चर्च तेथून सोडवून आणून येथे पुन्हा उभारण्यात आली. जुन्या पद्धतीचा पोशाख केलेली माणसे या घरांतून काच फुंकतात, भाकरी भाजतात, सूत काततात आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात.

मराठवाड्यातील शिक्षकाला हे पाहून आपल्या गावातील अडगळ आठवल्यावाचून राहणार नाही. मोट, तिफण, जाते, उखळ, कणगी, कुंभाराचे चाक, कोष्ट्याचा माग या वस्तू एका पिढीत दैनंदिन वापरातून गेल्या. हिंगोलीच्या हळदीची तऱ्हाही तशीच. कढईत हळकुंडे शिजवून उन्हात वाळविण्याची जुनी पद्धत यंत्रांपुढे मागे पडली आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पिकामागील कष्ट आणि कौशल्य जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यास कोठेतरी पाहावयास मिळाले पाहिजे. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेची एक खोली, गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू, प्रत्येक वस्तूचे नाव व उपयोग सांगणारी चिठ्ठी आणि त्या वस्तू वापरलेल्या वृद्धांचे बोल लिहून घेणारे विद्यार्थी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

पाणी आणि भुयारी चित्रशाळा

शहराच्या मध्यभागी, संसद आणि राजवाडा यांच्या मधून वाहणाऱ्या प्रवाहात माणसे गळ टाकून मासे धरीत उभी असलेली दिसतात. उन्हाळ्यात लोक शहरातच पोहतात. हे पाणी सदैव असे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांडपाण्याने ते दूषित झाले होते. १९४१ मध्ये हेन्रिक्सडाल येथे खडकाच्या पोटात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. पुढे अनेक दशके या कामावर खर्च होत राहिला, तेव्हा कोठे हे दृश्य दिसू लागले. जून १९७२ मध्ये मानवी पर्यावरणविषयक संयुक्त राष्ट्रांची परिषद याच शहरात भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान वगळता तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव शासनप्रमुख श्रीमती इंदिरा गांधी या होत्या. गरिबी आणि पर्यावरण यांचा विचार एकत्रच करावा लागेल, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. ५ जून हा पर्यावरण दिन त्याच परिषदेची आठवण आहे. स्टॉकहोमहून दिला जाणारा जलपुरस्कार २०१५ मध्ये राजस्थानातील जोहडांचे पुनरुज्जीवन करणारे राजेंद्रसिंह यांना मिळाला, हेही येथे नमूद करावयास हवे.

भुयारी रेल्वे १९५० पासून धावते. तिची शंभर स्थानके असून त्यांपैकी नव्वदाहून अधिक स्थानकांवर चित्रे, शिल्पे वा कुट्टिमचित्रे आहेत. काही स्थानकांत खोदलेला खडक तसाच ठेवून त्यावर रंगकाम केले आहे. एका तिकिटात पाहता येणारी ही चित्रशाळा प्रवाशांसाठी निर्माण केलेली नाही. रोज कामावर जाणाऱ्या नागरिकांसाठी ती आहे. पर्यटक तिचा आनुषंगिक लाभ घेतो.

स्टॉकहोमच्या पर्यटनाचे मर्म येथे उकलते. स्वच्छ पाणी, वेळेवर धावणारी गाडी, चालण्यास मोकळा पदपथ, समजेल असा फलक, खुली सभा, जपलेली जुनी घरे ही सर्व कामे त्या शहराने प्रथम स्वतःच्या रहिवाशांसाठी केली. पाहुण्याच्या वाट्याला आले ते त्याच ताटातले. जे गाव गावकऱ्यांना सुखाचे नाही, ते पाहुण्यांना सुखाचे करता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यापुढील काम

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाहुण्यांची ये-जा नवी नाही. बारा ज्योतिर्लिंगांत गणना होणारे औंढा नागनाथाचे मंदिर यादवकालीन शैलीचे असून त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे कोणत्याही देशातील रसिकाने थांबून पाहावीत अशी आहेत. गाभारा जमिनीखाली असून अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. नामदेवांच्या कीर्तनासाठी मंदिर फिरले, म्हणून नंदी मागे राहिला, ही आख्यायिका येथीलच. त्याच नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी कयाधू नदीच्या काठी आहे. नामदेवांची ६१ पदे शीख पंथाच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविक नर्सीला येतात. नांदेडचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथून फार दूर नाही.

स्टॉकहोमच्या अनुभवावरून येथे चार गोष्टी तातडीने हाती घेता येतील. पहिली गोष्ट माहितीची. औंढ्याच्या शिल्पांखाली आणि नर्सीच्या मंदिरापाशी मराठी, हिंदी व इंग्रजी भाषांत नेमकी माहिती असावी; नर्सीस तर गुरुमुखी लिपीतील पंजाबी फलकही असावा. त्यात इतिहास कोणता आणि आख्यायिका कोणती, हे स्पष्ट सांगितलेले असावे. दोन्ही गोष्टी आदराने पण वेगवेगळ्या सांगितल्याने श्रद्धेला बाध येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. कयाधूचे पात्र आणि तीर्थक्षेत्रातील जलाशय स्वच्छ राहतील, तरच यात्रेनंतर गावकऱ्याला गाव आपले वाटेल. स्वीडनमध्ये पेयाचा रिकामा डबा वा बाटली दुकानातील यंत्रात परत केल्यास अनामत रक्कम परत मिळते. डब्यांसाठी ही पद्धत १९८४ पासून आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत पाण्याच्या बाटल्यांसाठी अशी अनामत ठेवून पाहण्याचा प्रयोग ग्रामस्थ व बचत गट यांना मिळून करता येईल.

तिसरी गोष्ट शांततेची, आणि ती या जिल्ह्याच्या बाबतीत अनन्यसाधारण आहे. लायगोच्या वेधशाळेत काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतात. दूरच्या विश्वातून आलेल्या लहरीमुळे त्या भुजांच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान असतो. तो मोजावयाचा म्हणजे जमिनीतील कंप शक्य तितका कमी हवा. औंढ्याची निवड होण्यात येथील भूमीची शांतता हे एक महत्त्वाचे कारण होते. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेला जवळपासच्या वृक्षतोडीचा व रेल्वेचा उपद्रव सोसावा लागला आहे. सबब, वेधशाळेमुळे गाव प्रसिद्ध होणार म्हणून तिच्या अवतीभवती खडी फोडण्याची यंत्रे, जड वाहनांचे रस्ते आणि दाट बांधकामे यांना मुभा मिळाली, तर ज्या गुणामुळे ती येथे आली तोच गुण नष्ट होईल. बांधकाम परवानगीचा प्रत्येक अर्ज हाताळताना पंचायतीने आणि महसूल अधिकाऱ्यांनी वासा नौकेवर धावणारी ती तीस माणसे आठवावीत. दोष दिसत असता गप्प राहण्याची किंमत मोठी असते.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. अमेरिकेतील दोन्ही लायगो वेधशाळांनी शाळकरी मुलांसाठी विज्ञानशिक्षणाची दालने उभारली आहेत. औंढ्यातही पाहुण्यांची ये-जा वेधशाळेच्या यंत्रांपासून दूर, अशा दालनापुरती ठेवणे इष्ट ठरेल. तेथे आलेल्या परदेशी अभ्यासकाला आपले गाव दाखविणारा मार्गदर्शक गावातलाच असावा. त्याची तयारी आजपासून शाळेत करावी लागेल. नागनाथाच्या शिल्पांची, नामदेवांच्या कार्याची, हळदीच्या शेतीची आणि गुरुत्वीय लहरींची माहिती एकाच मुलाला सोप्या भाषेत सांगता आली, तर जिल्ह्याला याहून चांगला मार्गदर्शक मिळणार नाही.

अनुकरणाची मर्यादा

स्टॉकहोमचे सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. ते अतिशय महाग शहर आहे. अनेक सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठीही तेथे पैसे मोजावे लागतात आणि कार्ड नसलेल्या माणसाची तेथे पंचाईत होते. औंढ्याच्या यात्रेत येणाऱ्या शेतमजुराला असा पाहुणचार परवडणार नाही. आपल्याकडील धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई आणि दिंडीला गावोगाव मिळणारे जेवण ही परंपरा त्या दृष्टीने अधिक उदार आहे. ती टिकवून तिच्या जोडीला स्वच्छता, नेमकेपणा आणि सातत्य आणणे, हेच आपले काम आहे.

तसेच, एका पंचवार्षिक कालावधीत स्टॉकहोम घडले नाही, हेही विसरता कामा नये. सरोवर शुद्ध होण्यास काही दशके लागली. वासाच्या लाकडावर सतरा वर्षे फवारा चालू होता. सदस्य बदलले, अधिकारी बदलले. काम चालू राहिले.

एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी देताना वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते. भारतासारख्या दूरच्या स्थानी वेधशाळा उभी राहिली म्हणजे लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे अधिक अचूकपणे सांगता येईल आणि त्या शोधांबरोबर औंढ्याचे नाव जगभर घेतले जाईल. ते नाव ऐकून येणारा पहिला पाहुणा हिंगोली स्थानकावर किंवा नांदेडच्या विमानतळावर उतरेल तेव्हा त्याला स्वच्छ पाण्याचा पेला, समजेल असा फलक आणि आपल्या गावाविषयी अभिमानाने व अचूक बोलणारा एखादा विद्यार्थी भेटावा. त्या विद्यार्थ्याचे आजचे वय पाहता तो या क्षणी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक वर्गात बसलेला आहे.